संगणकाचं नाव बदललं आणि डेस्कटॉप रुसला: लिनक्सवर काय, कुठे आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

मे महिन्यात एका शाळेच्या संगणक कक्षात १२ जुनी यंत्रं चालू करून द्यायची होती. एका यंत्रावर डेबियन हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप नीट बसवला, मराठी फाँट टाकले आणि त्याच डिस्कच्या ११ नकला काढल्या. साहजिकच बाराही यंत्रांचं नाव एकच झालं, शाळा-पीसी. म्हणून पहिल्या यंत्राचं नाव बदलून लॅब-०१ केलं. चालू डेस्कटॉपवरच, टर्मिनलमधून, एका ओळीत.

त्यानंतर कॅल्क्युलेटर उघडेना. आधीपासून उघडी असलेली फाइल मॅनेजरची खिडकी छान चालत होती, पण नवीन काहीच उघडत नव्हतं. सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवायला आधी जोडायचा शब्द, लावलं की कर्सर नुसता लुकलुकत बसायचा. शेजारी उभ्या असलेल्या मॅडमनी घाबरून पॉवरचं बटण दाबून धरलं. यंत्र पुन्हा सुरू झालं, तर लॉगिन होताच इशारा: लॅब-०१ चा इंटरनेट पत्ता सापडत नाही, एक्सएफसीई नीट चालणार नाही. तो बाजूला सारून ब्राउझर उघडला, तर क्रोमियम म्हणालं की ही प्रोफाइल दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. त्या दुसऱ्या संगणकाचं नाव होतं शाळा-पीसी, म्हणजे हाच.

"सर, सगळं परत टाकायला लागणार का?" मॅडमनी विचारलं. नाही. हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत, प्रत्येक पाच-दहा मिनिटांचा. घोळ होतो तो त्यांना एकच मोठा बिघाड समजल्यामुळे.

कायद्याने नाव बदललेल्या कुणालाही विचारा. राजपत्रात छापून आलं म्हणजे संपलं असं होत नाही. रेशनकार्डावर, पासबुकात, गॅसच्या पुस्तकात, सातबाऱ्यावर जुनं नाव आपापल्या जागी बसलेलं असतं आणि प्रत्येक खिडकीवर वेगळा अर्ज करावा लागतो. लिनक्समध्येही तसंच. नाव एका कमांडने बदलतं, पण जुनं नाव कुणाकुणाच्या वहीत लिहिलेलं आहे ते तुम्हाला शोधावं लागतं.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट आधी सांगतो. इथल्या कमांड आणि फाइलींची नावं मी नागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची आणि आकडेही रोमनच. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगितलं आहे.

नाव नेमकं राहतं कुठे

आजच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचांत, यंत्र सुरू करून सेवा सांभाळणारं सिस्टमडी असतं आणि ते तीन नावं सांभाळतं. पहिलं कायम नाव, जे /ईटीसी/होस्टनेम या फाइलीत एका ओळीत असतं. दुसरं तात्पुरतं नाव, म्हणजे या क्षणी कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, डोक्यात जे आहे ते. तिसरं शोभेचं नाव, ज्यात रिकाम्या जागा, अवतरणचिन्हं, अगदी देवनागरीही चालते. तिन्ही एकत्र बघायची असतील तर नुसतं

होस्टनेमसीटीएल

असं टाइप करून एंटर दाबा. होस्टनेमला लागूनच सी, टी, एल, मध्ये जागा नाही. कायम आणि तात्पुरतं नाव वेगळं दिसलं तर निम्मं निदान तिथेच झालं.

आपल्याकडे पुष्कळांना संगणकाला मराठी नाव द्यायचं असतं. हौस जरूर करा, पण ती शोभेच्या नावात. कायम नावात फक्त रोमन लहान अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच ठेवा. सुरुवातीला किंवा शेवटी रेघ नको, रिकामी जागा नको, आणि अंडरस्कोर तर मुळीच नको. अंडरस्कोरचं नाव काही प्रोग्रॅम गुपचूप स्वीकारतात, काही नाकारतात, आणि मग तुम्ही दोन दिवस भलतीकडेच शोधत बसता. लिनक्स कर्नल ६४ अक्षरांपर्यंत नाव घेतं, पण विंडोजवाल्या यंत्रांशी सांबातून फाइली वाटून घ्यायच्या असतील तर १५ अक्षरांच्या आत राहा.

शोभेचं नाव असं द्यायचं:

सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम --प्रिटी "माहेरचा संगणक"

फोनच्या ब्लूटूथ यादीत तुमचं यंत्र बहुधा याच नावाने दिसतं. बाकी कशालाही त्याने धक्का लागत नाही.

आधी आत शिरा

पडदा काळा असेल किंवा लॉगिन होऊन पुन्हा लॉगिनच्याच पानावर फेकले जात असाल, तरी यंत्र मेलेलं नसतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ येईल, आणि त्या ओळीत संगणकाचं सध्याचं नावही दिसेल, ते वाचून ठेवा. वापरकर्त्याचं नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, कीबोर्ड बंद पडला असं समजू नका. डेस्कटॉपकडे परतायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-७, काही वितरणांत एफ-१ किंवा एफ-२.

तिथेही सुडो चालत नसेल तर यंत्र पुन्हा सुरू करा, ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना येणाऱ्या, यादीतून प्रगत पर्याय आणि त्यातला रिकव्हरी मोड घ्या. ग्रब दिसत नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून बघा. रिकव्हरीत डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून लिहिण्याआधी

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

ही कमांड द्यावी लागते. तीही वाट बंद असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा, डिस्कचं मुख्य पार्टिशन जोडा आणि त्याच्या आतली ईटीसी फोल्डरमधली फाइल दुरुस्त करा. इथे लोक हमखास चुकतात. लाइव्ह पेनड्राइव्हची स्वतःची ईटीसी असते, आणि घाईत तीच दुरुस्त होते. पुन्हा सुरू केलं की सगळं जैसे थे.

आत शिरल्यावर पहिली कमांड दुरुस्तीची नको, बघण्याची हवी:

जर्नलसीटीएल -बी

या नोंदवहीची एक गंमत आहे. प्रत्येक ओळीत तारीख आणि वेळेच्या पुढे संगणकाचं नाव छापलेलं असतं, आणि ते त्या क्षणाचं असतं. त्यामुळे पानं खाली सरकवत गेलात की कुठल्या मिनिटाला जुनं नाव संपून नवं सुरू झालं ते दिसतं, आणि त्याच्या लगेच खाली कोण ओरडायला लागलं तेही. मागच्या वेळचं सुरू होणं बघायचं असेल तर बी-च्या पुढे -१ लावा. याशिवाय घरच्या फोल्डरमध्ये .एक्ससेशन-एरर्स नावाची लपलेली फाइल असते. डेस्कटॉपच्या तक्रारी तिथे साठतात.

पहिला संशयित: होस्ट्स फाइल

सुडो अडखळतंय आणि "होस्ट सापडत नाही" म्हणतंय, किंवा लॉगिनच्या वेळी इंटरनेट पत्त्याचा इशारा येतोय, तर नव्वद टक्के वेळा कारण एकच. /ईटीसी/होस्टनेम बदललं, /ईटीसी/होस्ट्स तसंच राहिलं. नव्वद टक्के हा माझा अंदाज आहे, मोजून काढलेला आकडा नाही, पण पैज लावायला मी तयार आहे.

होस्टनेमसीटीएल दुसऱ्या फाइलीला हातच लावत नाही. आणि डेबियनच्या घराण्यात त्या फाइलीत अशा ओळी असतात:

१२७.०.०.१ लोकलहोस्ट
१२७.०.१.१ शाळा-पीसी

दुसऱ्या ओळीतला पत्ता चुकून पडलेला नाही. १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते, एकूण १ कोटी ६७ लाखांहून अधिक, यंत्राचे स्वतःसाठीच राखलेले आहेत. कायमचा आयपी पत्ता नसलेल्या घरगुती यंत्राला स्वतःच्या नावाचा पत्ता विचारला तर काहीतरी उत्तर मिळावं, म्हणून डेबियनचा इन्स्टॉलर ही ओळ घालतो. डेस्कटॉपच्या काही प्रोग्रॅमना ते उत्तर लागतंच.

आता नाव लॅब-०१ झालं. सुडो विचारतं, लॅब-०१ कोण? होस्ट्स फाइलीत ते नाव नाही. मग प्रश्न बाहेर जातो, राउटरकडे किंवा नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरकडे. तिकडूनही उत्तर आलं नाही तर थांबणं आलं. नेहमीच्या मांडणीत एका प्रयत्नाला ५ सेकंद आणि असे २ प्रयत्न. सर्व्हर दोन-तीन असतील तर तेवढ्या पटीने. सुडो लुकलुकत बसतं ते यामुळे, आणि शाळेच्या कक्षात इंटरनेटची वायरच जोडलेली नसल्यामुळे तिथे हा खेळ पूर्ण रंगला.

तपासायची कमांड:

गेटएंट होस्ट्स लॅब-०१

गेट आणि एंट जोडून, म्हणजे जी-ई-टी-ई-एन-टी. उत्तरात पत्ता आला तर होस्ट्सची बाजू ठीक. काहीच न येता टर्मिनल परत आलं तर चोर इथेच आहे. पिंगऐवजी मी मुद्दाम हे वापरतो, कारण बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेने नाव शोधतात त्याच वाटेने गेटएंट जातं.

दुरुस्ती:

सुडो नॅनो /ईटीसी/होस्ट्स

आणि १२७.०.१.१ च्या पुढचं नाव बदला. ती ओळच नसेल तर घाला. लोकलहोस्टच्या ओळीला हात लावू नका. ती खोडली तर छपाईच्या पानापासून कितीतरी गोष्टी बंद पडतात, आणि मग नाव बदलल्याचा बिघाड बाजूला राहून दुसराच सुरू होतो. सुडो उशीर लावत असलं तरी शेवटी पासवर्ड विचारतं, तेवढा दम धरा.

फाइल दिसायला बरोबर आणि तरी उत्तर नाही? दोन गोष्टी बघा. एक, परवानगी:

एलएस -एल /ईटीसी/होस्ट्स

सुरुवातीला मालकाला लिहिणं-वाचणं आणि बाकीच्या दोन्ही गटांना वाचणं दिसलं पाहिजे, म्हणजे आकड्यांत ६४४. कुणीतरी रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, घरातून फाइल हलवून आणली की ती फक्त रूटला वाचता येते असं होऊन बसतं. मग रूट म्हणून तपासलं तर सगळं ठीक दिसतं आणि साधा वापरकर्ता मात्र उपाशी. दुसरी गोष्ट, अदृश्य अक्षर. फाइल विंडोजमध्ये उघडून जतन केली असेल तर ओळीच्या शेवटी एक जास्तीचं चिन्ह चिकटतं. कॅट कमांडला मोठ्या ए-चा पर्याय लावून होस्टनेमची फाइल बघा. शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह हवं. त्याआधी टोपी आणि मोठा एम दिसला, तर तुमच्या संगणकाच्या नावात न दिसणारं शेपूट आहे. ओळ खोडून पुन्हा हाताने टाइप करा.

फेडोरासारख्या वितरणांत, किंवा जिथे सिस्टमडी-रिझॉल्व्हडी चालू असतं तिथे, यंत्र स्वतःच्या नावाचं उत्तर स्वतःच देतं. त्यामुळे उबुंटूवर हा बिघाड कितीतरी जणांना कधी दिसलेलाच नसतो, आणि "माझ्याकडे तर काही होत नाही" असा सल्ला ते खुशाल देतात. त्यांच्याकडे होत नसेल, तुमच्याकडे होतं.

दुसरा संशयित: एक्सची कुकी

आधीच्या खिडक्या चालतात, नवीन उघडत नाहीत, आणि टर्मिनलमधून प्रोग्रॅम सुरू केला तर "डिस्प्ले उघडता येत नाही" असं येतं. हा बिघाड बघायला सगळ्यात मजेशीर आहे.

एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारा, कुणालाही आत घेत नाही. लॉगिनच्या वेळी एक गुप्त किल्ली तयार होते, १२८ बिटची, लिहिली तर ३२ अक्षरांची. तिला कुकी म्हणतात. ती तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये .एक्सऑथॉरिटी या फाइलीत ठेवली जाते, नावातला एक्स मोठा. प्रत्येक नवीन प्रोग्रॅम त्या फाइलीतून किल्ली काढतो आणि सर्व्हरला दाखवतो. गोम अशी, की फाइलीत किल्लीच्या शेजारी संगणकाचं नाव लिहिलेलं असतं. बघा:

एक्सऑथ लिस्ट

स्पेलिंग एक्स-ए-यू-टी-एच. शाळेतल्या यंत्रावर उत्तर आलं:

शाळा-पीसी/युनिक्स:० एमआयटी-मॅजिक-कुकी-१ आणि पुढे ३२ अक्षरं

कॅल्क्युलेटर फाइल उघडतो आणि "लॅब-०१ ची किल्ली कुठाय?" असं शोधतो. शाळा-पीसीची किल्ली समोर आहे, ती अगदी बरोबर आहे, सर्व्हर ती आनंदाने घेईलही, कारण सर्व्हरला नावाशी देणंघेणं नाही. पण चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव आहे म्हणून कॅल्क्युलेटर ती उचलतच नाही. रिकाम्या हाताने दारात जातो आणि हाकलला जातो. आधीच आत शिरलेल्या खिडक्यांना कुणी पुन्हा विचारत नाही, म्हणून त्या चालू राहतात.

खात्री करायची असेल तर जुनं नाव तात्पुरतं परत द्या:

सुडो होस्टनेम शाळा-पीसी

ही कमांड फक्त कर्नलच्या डोक्यातलं नाव बदलते, फाइलीतलं नाही. त्याच क्षणी कॅल्क्युलेटर उघडेल. म्हणजेच, नाव बदलताना टर्मिनलची खिडकी उघडी असेल तर ती बंद करू नका. तीच तुमची परतीची वाट आहे.

जतन करायचं काम नसेल तर सरळ उपाय म्हणजे लॉगआउट करून पुन्हा लॉगिन, किंवा यंत्र पुन्हा सुरू करणं. नवीन लॉगिनला नवीन नावाची चिठ्ठी तयार होते. पण समजा निम्मा अहवाल उघडा आहे आणि बंद करायचा नाही, तर त्याच किल्लीवर नवं नाव चिकटवा. एक्सऑथ लिस्टमधली ३२ अक्षरं निवडून घ्या आणि नवं नाव चालू असताना

एक्सऑथ ॲड :० . इथे ती ३२ अक्षरं

असं द्या. मधला एकटा टिंब म्हणजे एमआयटी-मॅजिक-कुकी-१ याचं लघुरूप. तुमच्या डिस्प्लेचा आकडा १ असेल तर शून्याच्या जागी १.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर ग्नोम डेस्कटॉप चालवणाऱ्यांना हे सहसा भोगावं लागत नाही. तिथले प्रोग्रॅम या कुकीवर चालत नाहीत, आणि जुन्या एक्सच्या प्रोग्रॅमसाठी ग्नोम जी चिठ्ठी करतो त्यात "कुठल्याही नावाला चालेल" अशीही एक नोंद असते. लॉगिनचं पान दाखवणारा लाइटडीएम आणि एक्सएफसीई, मेट यांसारख्या जोड्यांत मात्र आजही दिसू शकतं. जुन्या यंत्रांवर आपण नेमके हेच डेस्कटॉप टाकतो.

लॉगिन होतं आणि पुन्हा लॉगिनच येतं

हा बिघाड बहुधा नाव बदलल्यामुळे होत नाही, नाव बदलल्यानंतर केलेल्या दुरुस्तीमुळे होतो. कुकीचं काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, मग माणूस एक्सऑथच्या आधी सुडो लावतो. त्याने .एक्सऑथॉरिटीची मालकी रूटकडे जाऊ शकते. उबुंटूत १९.१० च्या आधी सुडो तुमच्याच घरचा फोल्डर धरून चालायचं, म्हणून तिथे हे फार व्हायचं. पुढच्या लॉगिनला तुमचा वापरकर्ता ती फाइल लिहू शकत नाही, सत्र सुरू होता होता पडतं आणि तुम्ही परत दारात.

कंट्रोल, ऑल्ट, एफ-३ ने आत जा आणि घरच्या फोल्डरमध्ये

एलएस -एलए

द्या. .एक्सऑथॉरिटी आणि .आयसीईऑथॉरिटी या दोन्ही फाइलींसमोर मालक म्हणून तुमचं नाव हवं. दुसऱ्या नावात आयसीई ही तिन्ही अक्षरं मोठी. रूट दिसलं तर फाइल खोडू नका, बाजूला ठेवा:

सुडो एमव्ही .एक्सऑथॉरिटी .एक्सऑथॉरिटी.जुनी

लॉगिन करताना नवीन तयार होईल. त्याच यादीत नावाच्या शेवटी -सी किंवा -एल असलेल्या जुळ्या फाइली दिसल्या, तर ती अर्धवट राहिलेली कुलपं आहेत, तीही काढा.

मालकी ठीक असूनही चक्र चालूच असेल तर डिस्क भरली आहे का बघा:

डीएफ -एच

१०० टक्के दिसलं तर संगणकाच्या नावाचा इथे काहीच दोष नाही. एवढी साधी गोष्ट शेवटी सुचते, मलाही.

एक वेगळी गल्लत. संगणकाचं नाव बदलताना काही जण वापरकर्त्याचं नाव आणि होम फोल्डरचं नावही बदलून टाकतात. तो पूर्ण वेगळा विषय आहे. फोल्डरचं नाव बदललं असेल तर सध्या जुनंच परत द्या, मगच वरचं सगळं तपासा.

ब्राउझरचं कुलूप आणि बाकीची किरकोळ भांडणं

क्रोमियम आणि क्रोम चालू असताना प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये सिंगलटनलॉक नावाचा दुवा तयार करतात, एस आणि एल मोठे. तो कुठे बोट दाखवतो ते वाचलं तर संगणकाचं नाव, एक रेघ आणि प्रक्रियेचा क्रमांक दिसतो. ब्राउझर नीट बंद केला तर दुवा पुसला जातो. पॉवरचं बटण दाबून यंत्र बंद केलं तर तो राहतो. नाव तेच असतं तर ब्राउझरने क्रमांक तपासला असता आणि "ती प्रक्रिया मेलीय" म्हणून कुलूप स्वतःच तोडलं असतं. नाव वेगळं दिसलं की त्याला वाटतं, दुसऱ्या यंत्रावर कुणीतरी हीच प्रोफाइल वापरतंय, आणि तो सावध होतो. वागणं बरोबरच आहे. ब्राउझरची एकही प्रक्रिया चालू नाही याची खात्री करा आणि

आरएम ~/.कॉन्फिग/क्रोमियम/सिंगलटनलॉक

द्या. क्रोम असेल तर फोल्डर गूगल-क्रोम. बुकमार्क, पासवर्ड कशालाही धक्का लागत नाही. प्रोफाइलचा पूर्ण फोल्डर उडवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

लिब्रेऑफिसचंही असंच. उघड्या दस्तऐवजाशेजारी .~लॉक ने सुरू होणारी लपलेली फाइल असते आणि तिच्यात जुनं नाव असतं. "दुसऱ्याने उघडलंय" असं आलं आणि तो दुसरा तुम्हीच असाल, तर ती फाइल काढून टाका. एक्सएफसीईत जतन केलेलं सत्रही नावाने साठतं, .कॅश/सेशन्स मध्ये एक्सएफसीई४-सेशन आणि पुढे संगणकाचं नाव. म्हणून नाव बदललं की आधी मांडून ठेवलेल्या खिडक्या परत येत नाहीत. फाइलीचं नाव नव्या नावाने करून बघता येतं, पण खिडक्या पुन्हा मांडणं सोपं.

नाव परत जुनंच होतंय

पुन्हा सुरू केलं की बदल गायब, तर बदल कर्नलपुरता झाला, फाइलीत गेला नाही. वर दिलेली साधी होस्टनेम कमांड तेवढंच करते. होस्टनेमसीटीएलने द्या.

फाइलीत नवं नाव आहे आणि तरी उलटतं? यंत्र क्लाउडसाठीच्या तयार प्रतिमेवरून बनवलेलं असेल तर क्लाउड-इनिट दर वेळी नाव परत लिहू शकतं. /ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी मध्ये प्रिझर्व्ह_होस्टनेम पुढे ट्रू करा.

याहून विचित्र प्रकार म्हणजे वायफाय जोडलं की नाव बदलतं. कायम नाव दिलेलंच नसेल, किंवा ते लोकलहोस्ट असेल, तर नेटवर्कमॅनेजर राउटरने दिलेलं नाव तात्पुरतं घेऊन टाकतो. तुम्ही काहीच केलेलं नसतं, फक्त दुसऱ्या ठिकाणचं वायफाय जोडलं, आणि खिडक्या उघडणं बंद. कुकीचा बिघाड पुन्हा दारात. स्वतःचं कायम नाव एकदा दिलं की हे थांबतं.

मग बदलायचं कसं

आता उरलेल्या ११ यंत्रांवर मी काय केलं ते सांगतो. उघडे प्रोग्रॅम सगळे बंद, ब्राउझर आधी. मग पहिल्यांदा होस्ट्स फाइल उघडून जुन्या ओळीच्या खाली नव्या नावाचीही ओळ घातली, जुनी तशीच ठेवली. त्यानंतर

सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम लॅब-०२

आणि लगेच रीबूट. मध्ये काहीही उघडायचं नाही. परत आल्यावर गेटएंटने नवं नाव विचारलं, सुडो ट्रू करून अडखळतं का पाहिलं, ब्राउझर उघडला, आणि मगच होस्ट्समधली जुनी ओळ काढली. नव्या नावाची ओळ आधी घातल्यामुळे सुडोला अडखळायला संधीच मिळत नाही. एका यंत्राला ४ मिनिटं, त्यातली ३ जुन्या डिस्कची.

डिस्कच्या नकला काढल्या असतील तर नाव बदलून भागत नाही. /ईटीसी/मशीन-आयडी या फाइलीत ३२ अक्षरांची ओळख असते, तीही नकलेत तशीच येते. काही मांडण्यांत यंत्र आयपी पत्ता मागताना याच ओळखीवरून मागतं, आणि मग दोन यंत्रांना एकच पत्ता मिळतो. ही फाइल आणि /व्हार/लिब/डीबस/मशीन-आयडी, दोन्ही काढा. एकच काढली तर नवी ओळख दुसरीतून जुनीच उचलली जाते. मग

सुडो सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप

आणि रीबूट. दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर चालू असेल तर /ईटीसी/एसएसएच मधल्या यंत्राच्या किल्ल्याही काढून डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर ने नव्या करून घ्या. नाहीतर बाराही यंत्रांच्या दाराला एकच किल्ली.

जुनं नाव आणखी कुठे उरलंय ते बघायला:

सुडो ग्रेप -आरएल शाळा-पीसी /ईटीसी

एल लहानच हवा, तो फाइलींची नावं तेवढी छापतो. शाळेत तीन फाइली निघाल्या. एसएसएचच्या सार्वजनिक किल्लीच्या शेवटी असलेलं जुनं नाव नुसता शेरा असतो, त्याने काही बिघडत नाही. छपाईयंत्राच्या मांडणीतला पत्ता मात्र बदलावा लागला, कारण बाकीची यंत्रं शाळा-पीसीमार्फत छापत होती आणि त्या नावाचं आता कुणी नव्हतं. तिसरं मेलनेम, पत्र पाठवण्यासाठी. तिथून कुणी पत्र पाठवत नाही, तरी बदलून टाकलं.

चौथं जुनं नाव ग्रेपला सापडलं नाही. मॅडमनी मार्करने कॅबिनेटवर लिहिलेलं होतं, आणि ते स्पिरिटनेही पूर्ण गेलं नाही.